बिऱ्हाड कोठें करावें?

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोन कामांत माणसाची किती दमछाक होते, तें ज्यानें तीं केलीं त्यालाच ठाऊक, असा तिचा भावार्थ. परंतु ज्यांनीं ही म्हण केली, त्यांना घर कोठें बांधावें हा प्रश्न फारसा पडत नसे. वाडवडिलांची जागा असे. ती नसली तर जेथें पोटाचा उद्योग, त्याच पेठेंत दोन खोल्यांचें बिऱ्हाड मिळे. दुकानदार दुकानाच्या माडीवर राही आणि शिक्षक शाळेच्या मागच्या गल्लींत. आज बांधण्याचें काम दुसराच कोणी करतो. आपल्याकडे उरतें तें निवडीचें काम. आणि तें बांधण्यापेक्षां सोपें आहे अशा समजुतीनें आपण चार रविवार फिरून तें उरकून टाकतों. ज्या निर्णयाचे हप्ते वीस वर्षें फेडावयाचे, त्याला चार रविवार हा कांहीं फार वेळ झाला नाहीं.

श्रोतेहो, शहराच्या कडेला असलेल्या अनेक उपनगरांपैकीं कोणतें निवडावें, म्हणजे नोकरीच्या ठिकाणीं मोटारीनें किंवा दुचाकीनें फार त्रास न होतां जातां येईल आणि मुलाबाळांचा संसारहि तेथें नीट चालेल, याचा विचार आज करावयाचा आहे. मी इंजिनियर नाहीं, घरांची दलालीहि कधीं केली नाहीं. मी शाळामास्तर. मात्र मास्तराला एक गोष्ट रोज सकाळीं दिसते. ती म्हणजे कोणत्या घरांतून मूल कोणत्या अवस्थेंत शाळेंत येतें. त्या अनुभवाच्या आधारानें आणि थोड्या अंकगणिताच्या मदतीनें मी बोलणार आहें. उदाहरणें पुण्याचीं घेतों, कारण तें शहर माझ्या पायाखालचें आहे. पण नाशिक, नागपूर, ठाणें, कोठेंहि राहणाऱ्यानें ठिकाणांचीं नांवें बदलून हाच हिशेब मांडावा.

प्रथम हा प्रश्न उद्भवला कसा, तें पाहूं. पुण्याच्या पेठांतून राहणाऱ्या माणसाची कचेरी, मुलांची शाळा, मंडई आणि देऊळ हीं सारीं पायीं जाण्याच्या अंतरावर असत. फर्ग्युसन महाविद्यालय १८९५ सालीं नदीपलीकडच्या आपल्या आजच्या जागीं गेलें, १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला, आणि त्यांच्या आसपास हळूहळू बंगल्यांची वस्ती झाली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें. त्या पुरांत ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्यासाठीं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. तेव्हां त्या गांवाबाहेर वाटत; तरी सायकलच्या टप्प्यांत होत्या. तिकडे पिंपरीला १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मागोमाग मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले, आणि तेथील माणसांना राहावयास जागा हवी म्हणून १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन करण्यांत आलें. येथपर्यंत कामाच्या पाठोपाठ घर जात होतें. पुढें हिंजवडी, खराडी या बाजूंना संगणकाचीं मोठमोठीं कार्यालयें आलीं आणि ही सांगड तुटली. कचेरी एका कोपऱ्यांत, नांवाजलेली शाळा दुसऱ्या कोपऱ्यांत आणि परवडणारें घर तिसऱ्याच कोपऱ्यांत, असा त्रिकोण तयार झाला. या त्रिकोणाच्या तीन बाजू रोज चालून जाण्यांतच आजच्या गृहस्थाश्रमाचा बराच भाग खर्च होतो.

आतां पहिला नियम. उपनगराचें अंतर किलोमीटरांत मोजूं नये, मिनिटांत मोजावें. आणि तीं मिनिटेंहि आपल्या जाण्यायेण्याच्या वेळेचीं असावींत. घरांच्या जाहिरातींत 'कार्यालयापासून अवघ्या दहा मिनिटांवर' असें छापलेलें असतें. तीं दहा मिनिटें कोणत्या वारीं आणि किती वाजतां मोजलीं, तें मात्र छापलेलें नसतें. रविवारीं पहांटे कोणतेंहि गांव जवळच असतें. टॉमटॉम ही रस्त्यांवरील वाहनांचा वेग मोजणारी कंपनी आहे. तिच्या २०२४ सालच्या मोजणीप्रमाणें पुण्यांत दहा किलोमीटर जाण्यास सरासरीनें ३३ मिनिटें २२ सेकंद लागत होतीं, आणि अत्यंत मंद वाहतुकीच्या शहरांत पुण्याचा क्रमांक जगांत चौथा होता. याचा भागाकार केला तर तासाला अठरा किलोमीटर असा वेग निघतो. एके काळीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. लाखो रुपयांची मोटार घेऊन आपण पुन्हां चांगल्या सायकलस्वाराच्याच गतीला येऊन पोहोंचलों आहों. फरक इतकाच कीं, तेव्हां व्यायाम होत असे.

या आंकड्यावरून एक साधें उदाहरण सोडवूं. समजा, घर कचेरीपासून सोळा किलोमीटरांवर आहे. वरील वेगानें जाण्यास ५३ मिनिटें लागतात, येण्यास तितकींच. म्हणजे दिवसाला सुमारें पावणेदोन तास. वर्षाचे कामाचे दिवस २४० धरले तर ४२७ तास होतात. आठ तासांचा एक कामाचा दिवस धरला, तर हे त्रेपन्न दिवस झाले. म्हणजे अशा ठिकाणीं राहणारा मनुष्य वर्षाकांठीं त्रेपन्न दिवस एक जादा नोकरी करतो, आणि तिचा पगार त्याला कोणी देत नाहीं. उलट पेट्रोल त्यालाच घालावें लागतें. हेंच घर सहा किलोमीटरांवर असेल तर वर्षाला १६० तास पुरतात. दोहोंतील अंतर २६७ तासांचें आहे. घराची किंमत दर चौरस फुटाला किती, हें आपण दहा वेळां विचारतों. या २६७ तासांची किंमत मात्र खरेदीखतांत कोठेंच लिहिलेली नसते.

किती वेळ जाण्यायेण्यांत घालवणें माणसाला सोसतें, याचा विचार विद्वानांनीं केलेला आहे. चेझारे मार्केटी नांवाच्या इटालियन पदार्थवैज्ञानिकानें १९९४ सालीं असें दाखविण्याचा प्रयत्न केला कीं, मनुष्य पायीं चालणारा असो वा मोटारींत बसणारा, तो दिवसाचा साधारण एकच तास प्रवासाला देत आला आहे. वाहन वेगवान झालें कीं वेळ वांचत नाहीं, घर तेवढें लांब जातें. फ्राय आणि स्टुट्झर या स्वित्झर्लंडमधील दोन अर्थशास्त्रज्ञांनीं जर्मनींतील कुटुंबांची माहिती तपासून २००८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. लांबून कामाला येणाऱ्यास स्वस्त घराचा किंवा जास्त पगाराचा जो मोबदला मिळतो, त्यानें प्रवासाच्या कष्टांची भरपाई होत नाहीं, आणि असे लोक एकंदरींत कमी समाधानी आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मोठ्या घराची आपल्याला महिन्याभरांत संवय होते. वाहनांच्या कोंडीची संवय कधींच होत नाहीं. म्हणून एका खेपेला अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटें, ही मर्यादा मनाशीं ठरवून मगच नकाशा उघडावा.

वेळ मोजतांना आणखी एक गोष्ट पाहावी. घरापासून कामापर्यंत जाण्याचे निरनिराळे रस्ते किती आहेत? हिंजवडीस जाणाऱ्यांपैकीं पुष्कळांना वाकड किंवा भूमकर चौकापाशीं महामार्ग ओलांडावा लागतो. वाट एकच आणि ती अरुंद, मग एखादा मालमोटारीचा टायर फुटला कीं शेंकडों संसारांचें वेळापत्रक कोलमडतें. शिवाय रस्तेहि स्थिर नसतात. विद्यापीठ चौकांतील उड्डाणपूल २०२० सालीं पाडले गेले. चांदणी चौकांतील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत पाडला, आणि नवा पूल २०२३ च्या ऑगस्टांत खुला झाला. अशा कामांचा पुढें लाभ होतो हें खरें, पण मधल्या काळांत त्या एकाच वाटेवर अवलंबून असणाऱ्याचे हाल होतात. ज्या उपनगरांतून बाहेर पडण्यास दोन-तीन वाटा आहेत, आणि त्यांतील एखादी मोटारीवांचूनहि चालते, तें उपनगर अधिक शहाणपणाचें. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाली, आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट व वनाज ते रामवाडी हे मार्ग चालू झाले. मोटार हाताशीं असली तरी मेट्रोचें स्थानक किंवा बसचा थांबा चालत जाण्याजोगा असावा. कारण मोटार नादुरुस्त होते, माणूस आजारी पडतो, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला तर मोटार चालवितांच येत नाहीं.

तेव्हां कोणतीहि जागा ठरविण्यापूर्वीं तीन वेळां तेथें जावें. एकदां सोमवारीं सकाळीं साडेआठ वाजतां त्या घराच्या दारांतून निघून थेट कचेरीच्या दारापर्यंत जावें. एकदां संध्याकाळीं साडेसहाला उलट यावें. आणि एकदां भर पावसांत, रस्त्यांतून पाणी वाहत असतांना यावें. जागा दाखविणारा गृहस्थ या तीन वेळां सोडून बाकी सर्व वेळीं मोकळा असतो.

येथवर मी कमावत्या माणसाचा विचार केला. परंतु माझा मुख्य मुद्दा याच्या पुढेंच आहे. कचेरीला जाणारा मनुष्य सकाळीं नवाला बाहेर पडतो आणि रात्रीं आठाला परत येतो. त्याच्या जागेपणीं त्या उपनगराशीं त्याचा संबंध तो किती? खरें पाहतां तें उपनगर त्याचें नसतें. तें त्याच्या आईचें असतें, घरीं किंवा जवळपास काम करणाऱ्या पत्नीचें असतें आणि सर्वांत अधिक मुलांचें असतें. दिवसाचे बारा-बारा तास तेथें राहणारीं हीं माणसें, आणि जागा निवडतांना मात्र नकाशावर दोनच टिंबें असतात, एक घराचें आणि एक कचेरीचें. हा हिशेबच अपुरा आहे.

नगररचनेच्या शास्त्रांतहि हा विचार जुनाच आहे. अमेरिकेंत क्लॅरेन्स पेरी यांनीं १९२९ सालीं वस्तीच्या रचनेची एक कल्पना मांडली. वस्तीच्या मध्यभागीं प्राथमिक शाळा असावी, सर्व घरें तिच्यापासून साधारण पाव मैलाच्या परिघांत असावींत, मोठे रस्ते वस्तीच्या कडेनें जावेत, म्हणजे मुलाला शाळेस जातांना वाहता रस्ता ओलांडावा लागणार नाहीं, दुकानें कडेच्या चौकांत असावींत आणि जागेचा दहावा हिस्सा बागा व मैदानांसाठीं ठेवावा, असें त्यांचें म्हणणें. त्यांनीं वस्तीचें माप मोटारीच्या वेगावरून घेतलें नाहीं, मुलाच्या पावलांवरून घेतलें. आपल्याकडे शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याखालीं महाराष्ट्रांत जे नियम झाले, त्यांतहि पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी अशी अपेक्षा आहे. हडपसरजवळ मगरपट्ट्यांत सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं आपली जवळजवळ ४०० एकर जमीन एकेकट्यानें विकून न टाकतां एकत्र केली आणि तिच्यावर घरें, कार्यालयें, शाळा व मोठी बाग अशी नगरी वसविली. तेथें राहणें सर्वांनाच परवडेल असें नाहीं. पण काम, शाळा आणि अंगण एकमेकांजवळ ठेवणें आपल्या मातींत अशक्य नाहीं, एवढें तरी त्यावरून दिसतें.

आतां शाळेच्या दारांत उभ्या असलेल्या मास्तराला काय दिसतें, तें सांगतों. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्या वर्गांत दोन प्रकारचीं मुलें असत. कांहीं चालत येत; त्यांचे बूट धुळीनें भरलेले, वाटेंत मांजर पाहिलें, चिंचा वेंचल्या, भांडण झालें आणि मिटलेंहि, अशा बातम्यांनीं तीं फुगलेलीं असत. दुसरीं सहाच्या सुमारास बसमध्यें चढून लांबून येत. पहिल्याच तासाला त्यांना जांभया सुरू होत. बुद्धींत दोहोंत कांहीं फरक नव्हता. फरक झोपेचा होता, आणि आणखी एक होता. लांबून येणाऱ्या मुलाला शाळा सुटल्यावर शाळेंतला मित्र नाहीं, कारण मित्र बारा किलोमीटरांवर. आणि घराजवळ मित्र नाहीं, कारण तेथील मुलें निरनिराळ्या शाळांत विखुरलेलीं. पालकसभेला त्याचे वडील येऊं शकत नसत. निरोप येई कीं, ते अजून वाटेंतच आहेत. मी त्या वडिलांना दोष देत नाहीं. मुलाला चांगली शाळा आणि मोठें घर मिळावें म्हणूनच ते धडपडत होते. पण चांगली शाळा आणि मोठें घर यांच्यामध्यें जो रस्ता होता, त्यानें दोघांनाहि खाल्लें.

म्हणून दुसरा नियम असा कीं, उपनगर पाहावयास जातांना दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनीं पाहावें. त्याला एकट्याला शाळेंत जातां येईल का? पदपथ आहे का, आणि असेल तर त्यावर दुचाक्या लावलेल्या नाहींत ना? कोपऱ्यावरच्या दुकानांतून दहीं किंवा वही आणावयास त्याला पाठवितां येईल का? खेळावयास मोकळें मैदान आहे, कीं वाहनतळाच्या कडेला दोन झोपाळे टांगून त्यालाच मैदान म्हटलें आहे? मग आजीच्या डोळ्यांनीं पाहावें. भाजी चालत जाऊन आणतां येते का? डॉक्टर रात्रीं जवळ मिळतो का? बसावयास एखादा बांक आणि बोलावयास चार माणसें आहेत का? ज्या ठिकाणीं मूल आणि म्हातारें माणूस कोणी मोटारींतून नेल्यावांचून घराबाहेर पडूं शकत नाहीं, तें ठिकाण कितीहि सुंदर असलें तरी कुटुंबाच्या उपयोगाचें नाहीं. तेथें संगमरवरी फरशीवर बसून दोघेंहि दूरदर्शन पाहत राहतात.

पति-पत्नी दोघेंहि नोकरी करीत असतील, तर प्रश्न जरा अवघड होतो. दोन कचेऱ्यांच्या बरोबर मध्यें घर घ्यावें असें कित्येकजण सांगतात. भूमितीच्या दृष्टीनें तें बरोबरहि दिसतें. पण मला वाटतें, मध्यबिंदु काढतांना शाळा हा तिसरा बिंदु धरलाच पाहिजे. मूल शाळेंतून पडलें, ताप आला, असा निरोप आल्यास दोघांपैकीं एकाला तरी वीस मिनिटांत पोहोंचतां यावें. हें काम नेहमीं आईनेंच करावें असा कांहीं नियम नाहीं. ज्याच्या वेळा लवचिक, त्याच्या कचेरीजवळ बिऱ्हाड असावें.

तिसरी गोष्ट पाण्याची. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं अकरा आणि २०२१ सालीं तेवीस गांवें समाविष्ट झालीं. नकाशावरची हद्द एका आदेशानें पुढें सरकते. जलवाहिन्या आणि मैलावाहिन्या तितक्या लवकर पुढें जात नाहींत. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्याच्या परिसरांत, किरकटवाडी, नांदेड, धायरी या बाजूंना, गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले. संशय दूषित पाण्यावर गेला, आणि कांहीं रुग्णांच्या तपासणींत कँपिलोबॅक्टर जातीचे जंतु सांपडले. हा भाग खडकवासल्याच्या धरणाला अगदीं लागून आहे, हें ध्यानांत घ्या. धरण जवळ असलें म्हणजे नळाला शुद्ध पाणी असतेंच असें नाहीं.

येथेंहि थोडा हिशेब करावा. शहरांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी असावें असें सरकारी प्रमाण आहे. चौघांच्या कुटुंबाला ५४० लिटर. दोनशें बिऱ्हाडांच्या सोसायटीला १,०८,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अकरा टँकर दररोज. तेव्हां सोसायटीच्या पहारेकऱ्याला सहज विचारावें, 'उन्हाळ्यांत रोज टँकर किती येतात?' त्याचें उत्तर छापील पत्रकापेक्षां भरंवशाचें असतें. टँकरचें पाणी कोठून भरतात आणि तें तपासतें कोण, हेंहि विचारावें. मैलापाणी कोठें जातें, हा प्रश्न विचारण्यास संकोच वाटतो. पण लहान मुलांच्या घरांत तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

चौथी गोष्ट पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं अतिवृष्टीनें आंबिल ओढ्याला पूर आला, आणि त्या पावसानें पुणें शहर व परिसरांत वीसहून अधिक माणसें दगावलीं. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत पाणी शिरलें. ओढा उन्हाळ्यांत दिसत नाहीं. त्याला मात्र आपली वाट ठाऊक असते. पाटबंधारे खातें नदीकांठीं दोन रेषा आंखतें. साधारण पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. आपण घेत असलेली इमारत या रेषांच्या आंत आहे कीं बाहेर, तें महानगरपालिकेच्या विकास आराखड्यांत पाहतां येतें. शेजारच्या जुन्या गांवठाणांतील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यालाहि विचारावें. पाणी कोठवर आलें होतें, तें तो काठीनें दाखवील.

पांचवी गोष्ट कागदांची. स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा कायदा २०१६ सालीं झाला आणि महाराष्ट्रांत त्याखालील महारेरा हें प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करूं लागलें. नव्या प्रकल्पाची तेथें नोंदणी लागते, आणि त्याचे मंजूर नकाशे व पूर्णत्वाची तारीख तेथें कोणालाहि पाहतां येते. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आराखड्यांत 'शाळेसाठीं राखीव', 'उद्यानासाठीं राखीव' असें लिहिलेली जागा म्हणजे शाळा किंवा उद्यान नव्हे. राखीव जागेवर मुलें शिकत नाहींत. आज जी शाळा उभी आहे आणि जिच्यांत घंटा वाजते, तीच जमेस धरावी.

येथें कोणी म्हणेल, 'मास्तर, हें सारें खरें. पण जवळचें घर परवडत नाहीं त्याचें काय?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्यापाशीं नाहीं. पण लांबच्या घराची स्वस्ताई पुरती तपासून घ्यावी, एवढें मी सांगेन. घर दहा किलोमीटर अधिक लांब असेल, तर दिवसाला वीस आणि २४० दिवसांत ४,८०० किलोमीटर जादा धांव होते. मोटार लिटरला पंधरा किलोमीटर जाते असें धरलें तर ३२० लिटर पेट्रोल, आणि हिशेबासाठीं भाव शंभर रुपये धरला तर वर्षाचे बत्तीस हजार रुपये झाले. तेथें दुसरें वाहन घ्यावें लागतें, शाळेच्या बसचें भाडें वाढतें, टँकरची वर्गणी येते. हे सारे आंकडे मासिक हप्त्यांत मिळवून मग तुलना करावी. पुष्कळदां असें आढळेल कीं, लांबच्या तीन खोल्या आणि जवळच्या दोन खोल्या यांच्या खर्चांत दिसतें तितकें अंतर नाहीं. एक खोली कमी असली तर मुलें एकमेकांशीं भांडतात. बाप रोज उशिरा आला तर भांडावयासहि कोणी नसतें.

आणि शक्य असेल त्यानें खरेदीपूर्वीं त्याच उपनगरांत अकरा महिन्यांच्या करारानें भाड्यानें राहून पाहावें. सामान हलविण्याचे कष्ट आहेत, घरच्यांची कुरकुर आहे. पण एक उन्हाळा आणि एक पावसाळा तेथें काढला कीं पाणी, रस्ता, शेजार आणि शाळा या चारींची परीक्षा आपोआप होते. हीच परीक्षा घर घेतल्यानंतर दिली आणि तींत नापास झालों, तर पुन्हां बसण्याची सोय नसते.

श्रोतेहो, थोडक्यांत सांगावयाचें तर कचेरीपर्यंतचीं मिनिटें मोजा, आणि त्याहिपेक्षां काळजीनें शाळेपर्यंतचीं पावलें मोजा. पाण्याचा टँकर, ओढ्याची वाट आणि घराचे कागद स्वतः पाहा. जागा बघावयास जातांना घरांतलें सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणूस बरोबर न्या. त्यांना मोटारींतून उतरवून तास-दीड तास त्या भागांत पायीं फिरूं द्या, आणि मग त्यांचें मत विचारा. घराचें कर्ज वीस वर्षें चालतें. मुलाचें बालपण त्याच्या निम्म्या काळांत संपतें, आणि त्याचा एकहि हप्ता मागाहून भरतां येत नाहीं.